बडग्याचे दात

शामलाबाईंनी दिवाणावर आडवं होऊन खाली हात घातला आणि हाताला गार फरशी लागली. त्यांनी हात आणखी आत सरकवला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. फरशीच. नुकतीच पुसलेली, फिनाइलचा वास मारणारी फरशी.

पोळ्याला त्या माहेरी, पारशिवनीला गेल्या होत्या. भावाच्या गोठ्यात अजून बैलजोडी आहे, तिला ओवाळायला त्या दर वर्षी जायच्याच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत निघाल्या, पण त्या दिवशी नागपुरात मारबतीची, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांची, मिरवणूक. रस्ते बंद. ऑटोवाल्याने चिटणीस पार्कशीच उतरवलं, आणि भावजयीने दिलेल्या करंज्यांची पिशवी सांभाळत, ठणकता गुडघा ओढत, त्या महालातल्या आपल्या गल्लीपर्यंत चालत आल्या. जिना चढून गॅलरीतल्या दिवाणावर टेकल्या आणि सवयीने टाच मागे नेऊन खालचा खोका चाचपला. टाच हवेतच राहिली.

"वैभवी, दिवाणाखालचे खोके कुठे सरकवले?"

सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. चेहऱ्यावर मोठं काम हातावेगळं केल्याचं समाधान होतं. "ते नं आई, सकाळीच मारबतीले देऊन टाकले. म्हटलं, तुम्ही यायच्या आत घर एकदम मोकळं करून ठेवू."

"कोणाले दिले?"

वैभवी जागीच थबकली. शामलाबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. 'नागपूर बोलतेय, कृपया थांबा' म्हणत आयुष्यभर घोटलेली त्यांची शुद्ध मराठी राग आला की जिभेवरून घरंगळून जायची आणि खालून पारशिवनी वर यायची. सासूने 'कोणाला' सोडून 'कोणाले' म्हटलं की काहीतरी बिघडलंय, एवढं सुनेला ठाऊक होतं.

"मारबतीले," ती हळू आवाजात म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवले. जुनी केरसुणी, फुटका माठ, तुमचे खोके. कुंकू वाहिलं, पाणी फिरवलं, अन म्हटलं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत."

त्या दोन खोक्यांत शामलाबाईंचे इन्सुलेटर होते.

तारेच्या किंवा विजेच्या खांबावर आडव्या पट्टीला चिनी मातीचे जे पांढरे नाहीतर चॉकलेटी गट्टू बसवलेले असतात, ज्यांच्या मानेला तार बांधतात, ते. एकावर एक दोन-दोन, तीन-तीन घाघरे नेसलेल्या ठेंगण्या बायांसारखे दिसतात. आता काचेचे आले, प्लास्टिकसारखे कसलेसे आले, आणि तारा तर जमिनीखालूनच जायला लागल्या. शामलाबाईंकडचे सगळे जुने. कुणाच्या डोक्यावर मुकुटाचा शिक्का, कुणाच्या पोटावर विलायतेतल्या गावाचं नाव, कुणावर नुसतं साल. एक जपानी होता, त्याचा रंग ताकात कालवलेल्या हळदीसारखा. एक निळा, त्याच्यासारखा दुसरा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पहिला मिळाला तेव्हा त्या परकरात होत्या. पारशिवनीच्या रस्त्यावर वावटळीत तारेचा खांब आडवा झाला आणि धुळीत एक पांढरा गट्टू पडलेला सापडला. उलटा केला की त्याची छान उखळ व्हायची. भातुकलीत त्यांनी त्यात किती चिंचा कुटल्या असतील! लग्न होऊन महालात आल्या तेव्हा साड्यांच्या ट्रंकेत तळाशी तो होता. नवऱ्याने, श्रीधरने, ट्रंक उचलताना विचारलं होतं, "माहेरचा पाटा पण आणला काय?"

पुढे नोकरी लागली आणि तो गट्टू काय काम करत होता ते त्यांना कळलं. ट्रंक कॉलचे दिवस. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खुपसायची आणि म्हणायचं, "हॅलो अमरावती, नागपूर बोलतेय." चंद्रपूर, भिलाई, जबलपूर. रस्त्याकडेच्या उघड्या तारांवरून माणसांचे आवाज जायचे. कुठे इन्सुलेटरला तडा गेला आणि वर पाऊस लागला की आवाज खांबातून जमिनीत उतरायचा. हेडफोनमध्ये तो बुडताना ऐकू यायचा. कोणी बाई ओरडून ओरडून विचारत असायची, "जेवतोस ना रे?" आणि पलीकडे फक्त खरखर. शामलाबाईंना तेव्हापासून वाटायचं, मैलोन् मैल इतके गट्टू धड राहतात म्हणून एका आईचं एका पोराशी बोलणं होतं, आणि त्यांच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही.

जुन्या लाइनी निघाल्या तेव्हा त्या मागे लागल्या. कन्हानच्या पुलाजवळची लाइन काढताना लाइनमनकडून एक चॉकलेटी मागून आणला. कबाड्याकडे बसून राहायच्या. तो म्हणायचा, "बाई, बरणी घ्या, कपबशी घ्या. हे घेऊन काय भाजी शिजवाल?" श्रीधर म्हणायचा, "आपल्या घरात आता खांब तेवढा यायचा राहिला." तरी कुठे फिरतीवर गेला तर रुमालात गुंडाळून एखादा घेऊन यायचा. श्रीधर गेला, जुनं घर पाडून तीन मजल्यांची इमारत झाली, हॉलमध्ये मोठा टीव्ही आला आणि फळीवरचे इन्सुलेटर दिवाणाखाली गेले.

"मला विचारलंस?" शामलाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच तर सांगितलं होतं, आई." वैभवीचे डोळे भरून आले. "माझ्या पहिल्याच वर्षी. वर्षभर ज्याले हात लागला नाही, ते घरात ठेवू नाही, मारबतीच्या सकाळी काढून टाकायचं. त्या खोक्यांवर धूळ किती होती!"

सांगितलं होतं, खरं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना खाली वाकता येत नव्हतं, हेही खरं. हात लागला नव्हता. टाच रोज लागत होती. पण टाच लावल्याचं कोणाला कसं दिसणार?

एवढ्यात आतून पिंटू आला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, तरी घरी-दारी पिंटूच. "आई, टेन्शन नको घेऊ यार. हे बघ, ऑनलाइन मिळून राहिले. 'अँटिक लुक', दहाचा सेट. केला ऑर्डर. झालं?"

"काय झालं?"

"म्हणजे, आले ना परत."

शामलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. लहानपणी याच पोराने त्या निळ्या इन्सुलेटरला महादेव म्हणून बेल वाहिला होता. "तुझी बायको हरवली तर ऑनलाइन दुसरी मागवशील का रे? सेटमध्ये?"

पिंटूने मोबाइल खिशात टाकला. वैभवी मात्र एक पाऊल पुढे आली. "आई, गेलं ते जाऊ द्या. मारबतीले दिलेलं परत घरात आणायचं नसते. या वर्षी किती झालं आपल्या घरात! यांचा डेंग्यू. प्लेटलेट किती खाली गेल्या होत्या, तुम्हाले ठाऊक आहे. पोरीचा, भूमिकाचा, पाय मोडला. मी एकेक कोपरा झाडून काढला, की सगळं जावं एकदाचं. हात जोडते तुम्हाले."

आणि तिने खरोखरच हात जोडले. शामलाबाईंना त्याचाच जास्त संताप आला. आरडाओरडा केला असता तर उलट बोलता आलं असतं. आपलं सगळं आयुष्य ज्यात गोळा केलं ते खोके या घराने फुटक्या माठाच्या, डेंग्यूच्या, मोडलेल्या पायाच्या रांगेत नेऊन ठेवले, त्यांना कुंकू लावलं आणि वर हात जोडून सांगताहेत, की तुमच्या भल्यासाठीच!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शोभाताई धापा टाकत जिना चढून आल्या. हातात मोबाइल. "अवं शामलाताई! पाहिलं का? तुमचे ते चिनी मातीचे! पोट्ट्यांनी बडग्याच्या तोंडात बसवले! हा व्हिडिओ पाहा, बडकस चौकातला. काय हसून राहिला तो बडग्या, मी तर पाहतच राहिली!"

मारबतीबरोबर बडगे निघतात. त्या वर्षी गावाला ज्याचा राग आला असेल त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, शिव्या देत गावभर फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. या गल्लीच्या मंडळाने यंदा सतत जाणाऱ्या लाइटवर बडग्या केला होता. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर तो डुलत होता. काळं तोंड, बटाट्याएवढे डोळे, आणि उघड्या जबड्यात दोन ओळींनी लखलखणारे पांढरे दात. गळ्यात चॉकलेटी माळ. पायाशी उरलेल्यांचा ढीग.

शामलाबाईंनी करंज्यांची पिशवी तशीच खांद्याला अडकवली आणि चपला घातल्या.

"आई!" वैभवी ओरडली. "परत नका आणू!"

"माझं आणायला चालले," शामलाबाई जिन्यावरून म्हणाल्या. "तुझं काही असलं तर राहू देईन तिथंच."

बडकस चौकाकडे जाणारी प्रत्येक गल्ली माणसांनी भरली होती. ढोल, डीजे, गुलाल, पोरांच्या डोक्याला बांधलेले रुमाल, कडेवर लाकडी बैल घेतलेली लेकरं. "घेऊन जा गे मारबत!" असा घोष उठला की भिंती थरथरायच्या. शामलाबाई लहान चणीच्या. त्या सरळ चालत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माणसं आपोआप बाजूला होत होती.

गल्लीचा ठेला चौकाच्या अलीकडे अडकला होता. वर दीड पुरुष उंच बडग्या, छातीवर पाटी: 'घरात अंधार, बिलाचा भार.' पुढे मंडळाचे अध्यक्ष वामनराव, पोटावर ताणून बसलेला मंडळाचा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. श्रीधरचे कॅरमचे सोबती. बडग्याचा मान त्यांच्या घराकडे बापापासून चालत आलेला.

"वामनराव, ठेला थांबवा."

"थांबूनच आहे, वहिनी. पुढं पिवळी मारबत येऊन राहिली. तुम्ही काहून आल्या गर्दीत? बाजूनं पाहा, दबून जासाल."

"ते दात कोणाचे आहेत?"

"बडग्याचे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"माझे आहेत," शामलाबाई म्हणाल्या.

आता तर सगळी गल्ली हसली. "आजीचे दात बडग्याले बसवले रे!" "आजी, कवळी ठेवा आठवणीनं!" ठेल्यावर बसून दोर सांभाळणारा गल्लीतला अश्विनही हसला, मग शामलाबाईंनी वर पाहिल्यावर त्याने तोंड पुसलं.

वामनराव हसले नाहीत. "अवो वहिनी, तुमच्याच घरून तर आलं. सुनबाईनं स्वतः आणून ठेवलं, कुंकू लावून. पोट्ट्यांनी पाहिलं, लाइटचा बडग्या, अन हे पण लाइटचंच, त लावलं. गावात एक नंबर बडग्या म्हणून राहिले लोक."

"सुनेचं होतं का ते?"

"घरचं त घरचंच असते."

"घरचं नाही. माझं. तुम्ही गावाले गेले अन तुमच्या सुनेनं तुमची ही शिट्टी मारबतीले दिली, त चालन?"

वामनरावांचा हात नकळत शिट्टीवर गेला. "तसं नाही, वहिनी. पण एकदा बडग्याच्या अंगावर चढलं ते उतरवत नाही. माझ्या बापाच्या वेळपासून कधी उतरवलं नाही. आता ते गावाची पीडा झालं. तुम्ही उचलून घरी नेलं अन उद्या काही कमीजास्त झालं, त बोल मले लागन."

"पीडा?"

शामलाबाईंचा आवाज चढला नाही, खाली गेला. ट्रंक कॉलच्या बोर्डावर एखादा साहेब आरडाओरडा करायला लागला की त्या असाच आवाज खाली न्यायच्या, आणि पलीकडचा आपोआप गप्प व्हायचा. वामनरावांच्या भोवतीचे चार-सहाजण ऐकायला पुढे सरकले.

"तुमचा भाऊ भिलाईला कामाला लागला तेव्हा वर्षभर त्याचं पत्र नव्हतं. आठवते का? तुमच्या आईनं जेवण टाकलं होतं. मग एक दिवस त्याचा कॉल आला, चौकातल्या औषधाच्या दुकानात. तुम्ही आईला हात धरून नेलं. जोडून कोणी दिला होता?"

"तुम्हीच दिला होता, वहिनी. अन तीन मिनिटं झाल्यावर तोडला पण नाही."

"लाइन स्वच्छ होती. तुमच्या आईनं पोराचा श्वाससुद्धा ऐकला म्हणे. तो श्वास भिलाईपासून इथवर याच्यावरून आला, वामनराव. असल्यावरून. ज्याले तुम्ही पीडा म्हणून राहिले, ज्याले हातोडीनं बडग्याच्या हिरड्यात ठोकलं, त्याच्यावरून. तुमची आई त्या दिवशी जेवली. अन आज तुम्ही याले जाळायले निघाले?"

वामनरावांनी मान हलवली. पण माणूस रीतीचा पक्का. "ते सगळं खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "मले पटते. पण रीत म्हणजे रीत. दिलं ते दिलं."

"कोणी दिलं?" आता मात्र शामलाबाईंचा आवाज चौकात पोचला. "रीतच सांगता, तर पुरती सांगा! मारबतीले ज्यानं त्यानं आपली पीडा द्यायची असते. आपल्या हातानं, आपल्या तोंडानं. दुसऱ्याची वस्तू उचलून देता येत नाही. मी नव्हते घरी. माझा हात लागला नाही, माझं तोंड बोललं नाही. मग मारबतीले पोचलं कसं? हे दान नाही, पीडा नाही, हा चोरीचा माल आहे! तुमच्या बापानं कधी बडग्याले चोरीचा माल घातला होता का, ते सांगा मले!"

गर्दीतून एक बाई ओरडली, "बरोबर बोलून राहिली वं आजी!" तिच्या शेजारची म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं माझी शिलाई मशीन अशीच देऊन टाकली, न विचारता." "माझी सायकल!" असं एक म्हातारा म्हणाला. हशा होता, पण आता तो शामलाबाईंच्या बाजूचा होता.

वामनराव काही बोलायच्या आत शामलाबाईंनी ठेल्याच्या चाकावर पाय ठेवला.

"आजी, पडाल!" अश्विन वाकला.

"पडले तर तुमच्या बडग्यावरच पडेन. हात दे."

गुडघ्यातून कळ उठली ती थेट कमरेपर्यंत गेली. पण त्या चढल्या. बडग्याचं तोंड त्यांच्या डोक्याच्या वर होतं. अश्विनने खोका उलटा घातला, त्यावर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुढच्या दाताला हात घातला. पारशिवनीचा होता, भातुकलीतली उखळ. तो ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. हिरडीच्या पुठ्ठ्यासकट ओढून काढला, आणि छातीशी धरून त्या गर्दीकडे वळल्या. समोर माणसांचा समुद्र, सगळे वर पाहत होते. त्यांना काय सुचलं कोण जाणे. आयुष्यात मिरवणुकीत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी.

"न विचारता दुसऱ्याच्या वस्तूले हात लावणारे," त्या ओरडल्या, "घेऊन जा गे मारबत!"

मग शिलाई मशीनवाली बाई: "घेऊन जा गे मारबत!" मग सगळा चौक.

"म्हाताऱ्या माणसाच्या जिनगानीले अडगळ म्हणणारे..."

"घेऊन जा गे मारबत!"

"बिना विचारता भलं करणारे..."

"घेऊन जा गे मारबत!" पोरं बेभान झाली होती. ढोलवाल्याने ताल धरला. वामनरावांनी घाम पुसला, शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

"काढा रे दात!" ते म्हणाले. "सगळे काढा. माळ पण. हळू काढा बे, कोणाच्या बापाचे नाहीत, वहिनीचे आहेत!"

"एक तरी राहू द्या, आजी," अश्विन काकुळतीला आला. "बोळका बडग्या चांगला दिसते का?"

"एकही नाही," शामलाबाई म्हणाल्या.

दात निघाले, माळ उतरली. माळेतले तारेने मानेच्या खाचेत बांधलेले होते, ते धड राहिले. पण नाकाच्या जागी कन्हानच्या पुलाजवळचा चॉकलेटी बसवलेला होता, आणि तो बसावा म्हणून कोणीतरी त्याचा खालचा घाघरा हातोडीने उडवला होता. शामलाबाईंनी तुकडा शोधला. ठेल्यावर गुलालात पडलेला सापडला. दोन्ही भाग जोडून पाहिले. मधला एक टवका नव्हताच.

"कोणी फोडला?"

शामलाबाईंनी पिशवीतल्या करंज्यांचा डबा काढून अश्विनच्या हातात दिला आणि रिकाम्या पिशवीत ते दोन तुकडे ठेवले. "खा," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या आहेत. रागानं देते, तरी खा."

बोळका, नकटा बडग्या जळायला नाईक तलावाकडे निघाला. लोक सांगतात, त्या वर्षी त्याला पाहून गाव जितकं हसलं तितकं दात असताना हसलं नसतं. खोके घेऊन अश्विन आणि आणखी दोघं शामलाबाईंच्या मागे गल्लीत आले, इमारतीच्या दाराशी ठेवून ढोलाच्या दिशेने पळाले.

वैभवी खालीच उभी होती. दाराच्या मधोमध. तिच्या मागे पिंटू, जिन्याच्या पायरीवर.

"आई, मी काही बोलत नाही तुम्हाले," ती म्हणाली. "पण मी दवाखान्यात बसली होती. डॉक्टर म्हणून राहिला होता, काही सांगता येत नाही. आता हे परत आत आलं अन..."

"मी पण तिथंच बसले होते, वैभवी. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर. तुझा नवरा होता, माझा मुलगा होता." शामलाबाई दम घ्यायला थांबल्या. "त्याले मच्छर चावला होता. मागच्या टाकीत पाणी साचलं होतं, ते मीच दाखवलं होतं ना? मच्छर दे मारबतीले. दहा वेळा दे. माझं काहून दिलं?"

वैभवी रडायला लागली. बाजूला मात्र झाली नाही. शामलाबाईही मागे सरकल्या नाहीत. दोघी तशाच उभ्या, मधे दोन खोके. शेवटी वैभवीने पदराने नाक पुसलं. "तसेच नाही आत आणायचे," ती म्हणाली. "स्मशानातून आलेला माणूससुद्धा पाण्याशिवाय आत येत नाही."

"मग आण पाणी."

तिने बादली आणली. पाण्यात हळद टाकली, कडुनिंबाचा डहाळा बुडवला. इमारतीच्या नळापाशी दोघी बसल्या, शामलाबाई प्लास्टिकच्या स्टुलावर, वैभवी उकिडवी. वैभवी एकेक घासायची, गुलाल जायचा, पुठ्ठा जायचा, वर्षाची धूळ जायची आणि खालून चकाकी यायची. शामलाबाई पुसून पोत्यावर मांडायच्या.

"याच्यावर मुकुट आहे," एकदा वैभवी म्हणाली.

"माहीत आहे. जोरात घासू नको."

"अन हा निळा?"

"तुझ्या नवऱ्याचा महादेव. विचार त्याले."

पिंटू पायरीवरून उठून आला, खाली बसला आणि त्याने निळा हातात घेतला. बायकोच्या हातातला ब्रश घेऊन घासायला लागला.

शामलाबाईंचा राग उतरला, असं कोणी समजू नये. तो पुढे कितीतरी दिवस भाजीत मीठ जास्त झालं तरी बाहेर येत होता. पण इन्सुलेटर पुन्हा दिवाणाखाली गेले नाहीत. टीव्हीखालच्या काचेच्या कपाटातून पिंटूच्या कंपनीच्या ट्रॉफ्या बाहेर निघाल्या आणि तिथे ते मांडले गेले, मधोमध कन्हानचा, फेविकॉलने जोडलेला, टवका गेलेली बाजू समोर करून. ती बाजू पुढे ठेवायचा आग्रह शामलाबाईंचाच. आणि सकाळी चहाच्या आधी घरातल्या प्रत्येकाने एकेकाला फडकं मारायचं, असा नियम झाला. "हात लागला पाहिजे," त्या म्हणायच्या. "रोज. नाहीतर पुन्हा कोणाले वाटायचं."

आठवडाभराने पिंटूचं पार्सल आलं. दहाचा सेट. शामलाबाईंनी खोका उचलला आणि तो इतका सहज वर आला, की त्यांचा तोलच गेला. आत प्लास्टिक. वरून तपकिरी रंग, जुना दिसावा म्हणून खोटे ओरखडे, आणि बुडाशी बल्बसाठी भोक.

"परत करून टाकतो," पिंटू ओशाळून म्हणाला.

"काहून? राहू दे." शामलाबाईंनी खोका बंद केला, त्यावर नीट चिकटपट्टी लावली आणि गुडघा वाकत नव्हता म्हणून पायानेच तो दिवाणाखाली लोटला, अगदी आत, भिंतीपर्यंत.

"याले आता वर्षभर कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या मारबतीले मी देईन. माझ्या हातानं."